दोन पाळ्यांच्या मधलं पांढरं

पाचगणीत जूनमध्ये धुकं उतरलं की गणपतीपर्यंत त्याचा मुक्काम. टेबललँड दिसत नाही, समोरचं घर दिसत नाही आणि दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. शर्ट-साड्या चुलीच्या नाहीतर हीटरच्या उबेला कशाबशा सुकतात. आतल्या कपड्यांच्या नशिबी तेही नाही. ते टॉवेलखाली, दाराआड, कुणाच्या नजरेला पडू नयेत अशा बेताने टांगलेले असतात आणि दमट असतानाच अंगावर चढतात. पाळीच्या घडीचंही तेच. मग जांघेत खाज सुटते. त्यातली बरीचशी साध्या गजकर्णाची, म्हणजे कातडीवरच्या बुरशीची असते. पण औषधाच्या दुकानात बाई आवाज खाली आणून एवढंच सांगते, 'खाली खाज येते, पांढरंही जातं.' दुकानदार एक ट्यूब आणि गोळ्यांचं एक पाकीट पुढे सरकवतो. कातडीवरची खाज वेगळी आणि आतून येणारा स्राव वेगळा, हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

दवाखान्यातही ही तक्रार सगळ्यात शेवटी निघते. खोकला सांगून झाला, गुडघे सांगून झाले, केसपेपर हातात घेऊन बाई उठली, की दारापाशी थबकते. 'मॅडम, अजून एक होतं. अंगावरून पांढरं जातंय.' कधीपासून, असं विचारलं तर 'झाली की दोन वर्षं'. आणि पाळीच्या आधी जातं, नंतर जातं, की मधल्या दिवसांत, असं विचारलं तर उत्तर नसतं, कारण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेलाच नसतो. खरं निदान सुरू होतं ते याच प्रश्नापासून. पांढरं जाणं हा आजार नाही, ती एक खूण आहे. खुणेचा अर्थ लावायला तीन-चार गोष्टी कळाव्या लागतात: महिन्यातले दिवस कोणते, रंग कसा, वास आहे का, खाज किंवा दुखणं आहे का. यातली एकही गोष्ट कळायला यंत्र लागत नाही.

आधी निरोगी शरीरात काय चालतं ते पाहू. योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते. दुधाला विरजण लावणाऱ्या जीवाणूंचे भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस, तिथे वस्तीला असतात आणि त्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. या आम्लामुळे तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाहेरून आलेल्या बहुतेक जंतूंना तिथे जम बसवता येत नाही. अस्तराच्या जुन्या पेशी रोज गळतात, गर्भाशयाच्या तोंडाच्या ग्रंथी चिकट पाणी सोडतात, आणि या सगळ्याचं मिळून जे बाहेर येतं तो रोजचा स्राव. दिवसाला चमचाभर किंवा त्याहून थोडा कमी. कपड्यावर वाळला की पिवळसर डाग दिसतो आणि तोच डाग पाहून अनेकजणी घाबरतात.

हा स्राव महिनाभर सारखा नसतो. पाळी आली तो पहिला दिवस धरा. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडे जातात. मग इस्ट्रोजेन वाढू लागतं आणि स्राव आधी चिकट, मग पातळ होत जातो. स्त्रीबीज बाहेर पडायच्या सुमाराला तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक आणि बुळबुळीत होतो, दोन बोटांत धरला तर तुटता तुटत नाही. शुक्रजंतूंना वर जायला वाट मिळावी म्हणून शरीराने केलेली ही सोय असते. ऑस्ट्रेलियातल्या बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने याच बदलांच्या नोंदीवर कुटुंबनियोजनाची एक पद्धत बसवली. स्त्रीबीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो आणि स्राव पुन्हा दाट, पांढरा, थोडा होतो. पाळी तोंडावर आली की काहींना तो वाढल्यासारखा वाटतो.

इथे एक गफलत नेहमी होते. 'चौदावा दिवस' हा शब्द पाठ झालेला असतो, पण तो पुढच्या पाळीच्या आधीचा सुमारे चौदावा दिवस आहे, मागच्या पाळीनंतरचा नव्हे. जिची पाळी २८ दिवसांची तिचे दोन्ही एकच. पण जिची ३५ दिवसांनी येते, तिला पारदर्शक पाणी एकविसाव्या दिवसाच्या आसपास दिसणार. त्याच सुमाराला काहीजणींच्या ओटीपोटात एका बाजूला कळ येते, काहींना दिवसभर गुलाबी डाग पडतो. दर महिन्याला त्याच वेळेला, एखाद्या दिवसापुरतं असेल तर बहुतेक वेळा काळजी नको. म्हणून कॅलेंडरवर पाळीच्या तारखेबरोबर असल्या दिवसावरही एक टिंब द्यावं. दुधाचा, गॅसचा, भिशीचा हिशेब जिथे मांडतो त्याच कॅलेंडरवर.

मुलींचं सांगायलाच हवं, कारण पाचगणी हे निवासी शाळांचं गाव. पहिली पाळी यायच्या सहा महिने ते वर्षभर आधी पांढरा, बिनवासाचा स्राव सुरू होतो. अकरा-बारा वर्षांची मुलगी, आई शेकडो मैलांवर, आणि चड्डीवर रोज डाग. तिला वाटतं आपल्याला काहीतरी झालं. कुणीतरी दोन वाक्यांत सांगितलं, की हे पाळी जवळ आल्याचं लक्षण आहे, तर प्रश्न मिटतो. वयात येण्याच्या बऱ्याच आधीची लहान मुलगी मात्र वेगळी. तिला घाणेरड्या वासाचा किंवा रक्ताळलेला स्राव होत असेल तर आत काही अडकलंय का, जंत आहेत का, आणि नको तो प्रसंग तिच्यावर आलाय का, तिन्ही शक्यता डॉक्टरांनी तपासायला हव्यात.

गरोदरपणात स्राव वाढतो, तोही साधाच. आणि 'हाडं झिजून पांढरं जातं' हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य खरं नाही. त्या स्रावात पाणी, श्लेष्मा आणि गळलेल्या पेशी असतात, त्यातून ताकद जात नाही. चक्कर, धाप, पायात गोळे येत असतील तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. थकव्याचं मूळ तिथे असतं आणि दोष मात्र पांढऱ्याच्या माथी मारला जातो.

तक्रार आणि आजार यांचं गणित किती वाकडं आहे, हे दोन अभ्यासांतून दिसतं. दोन्ही आपल्या भागातले. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास छापून आला. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तर ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, सरासरी काढली तर एकीला साडेतीनहून जास्त. त्यातले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे. तोवर अशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची, आणि ४५ टक्के स्त्रियांची काही तक्रारच नव्हती. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढीच सरकारची आणि शास्त्रज्ञांचीही समजूत होती. या लेखानंतर तिला धक्का बसला. दुसरा अभ्यास गोव्यातल्या आल्दोन्याचा, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात सुमारे अडीच हजार स्त्रिया होत्या. ज्या स्त्रिया पांढरं जाण्याची तक्रार करत होत्या त्यांच्यात संसर्गापेक्षा मानसिक ताण, उदासी, नवऱ्याची चिंता, घरातला जाच यांच्याशी त्या तक्रारीचा संबंध जास्त घट्ट निघाला. म्हणजे गडचिरोलीत आजार होता आणि अनेकींच्या तोंडी तक्रार नव्हती, तर गोव्यात तक्रार होती आणि अनेकींना संसर्ग नव्हता. दोन्हीतून एकच कळतं. नुसत्या शब्दावर औषध देता येत नाही, तपासावं लागतं आणि थोडं बसून ऐकावंही लागतं.

आता संसर्ग. सगळ्यात जास्त आढळतात ते तीन, आणि तिघांची चाल वेगळी.

पहिला जीवाणूंचा असमतोल, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. बाहेरून एखादा शत्रू येत नाही, घरचे लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेला वगैरे मंडळींची संख्या फुगते. स्राव पातळ, राखाडी-पांढरा, आणि त्याला मासळीचा वास. संबंधानंतर किंवा पाळीच्या शेवटी वास जास्त येतो, कारण वीर्य आणि रक्त दोन्ही आम्ल मारतात. खाज फारशी नसते. गंमत अशी, की वास येतो म्हणून बाई आतून साबणाने, तुरटीच्या पाण्याने किंवा बाटलीतल्या अँटिसेप्टिकने धुते, उरलेले लॅक्टोबॅसिलसही त्यात मरतात आणि वास वाढतो. आतली जागा स्वतःची सफाई स्वतः करते. धुवायचं ते बाहेरून, साध्या पाण्याने. जाहिरातीतल्या सुगंधी वॉशवर पैसे घालवण्यात काही अर्थ नाही.

दुसरा बुरशीचा, कॅन्डिडाचा. फाटलेल्या दुधासारखा घट्ट, चोथा पडल्यासारखा स्राव, वास नाही, पण खाज अशी की रात्री झोप लागत नाही. लघवीला बाहेरच्या बाजूने चरचरतं. सर्दी-खोकल्यासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, गरोदरपणात आणि मधुमेहात हे वारंवार दिसतं. वर्षातून तीन-चार वेळा बुरशी परत परत होत असेल तर क्रीम बदलण्याआधी रक्तातली साखर बघा. पुष्कळ स्त्रियांचा मधुमेह या वाटेनेच पहिल्यांदा सापडतो. आणखी एक नवी गोष्ट. मधुमेहावरची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं अलीकडच्या काही वर्षांत खूप स्वस्त झाली आणि सर्रास दिली जातात. ती जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात, आणि त्या साखरेवर बुरशी पोसते. गोळी सुरू झाली आणि खाज सुरू झाली, असं लक्षात आलं तर गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना हा संबंध जरूर सांगा.

तिसरा ट्रायकोमोनास. हा एकपेशीय जीव, आल्फ्रेड दोने या फ्रेंच डॉक्टरला १८३६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेला. पिवळट-हिरवा, कधी फेसाळ स्राव, वास, आग, संबंधाच्या वेळी दुखणं. हा मात्र संबंधातूनच पसरतो. नवऱ्याला बहुधा काहीच लक्षण नसतं, म्हणून तो औषध घेत नाही, आणि बाई बरी होऊन महिन्याभरात पुन्हा रांगेत. दोघांनी एकाच वेळी औषध घेतलं तरच हे चक्र तुटतं. इथे डॉक्टरांची खरी कसोटी लागते, कारण 'यजमानांना घेऊन या' म्हटलं की घरात काय होईल या भीतीने बाई परत येतच नाही.

हे तीन ओळखायला किती वेळ लागतो? काचेच्या पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात स्रावाचा थेंब, वर पातळ काच. सूक्ष्मदर्शकात पाहिलं की ट्रायकोमोनास असेल तर शेपट्या हलवत धडपडताना दिसतो. असमतोल असेल तर पेशींच्या कडा जीवाणूंनी इतक्या माखलेल्या असतात की कड नीट दिसतच नाही. दुसऱ्या काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की असमतोल असेल तर मासळीचा वास भपकन येतो, आणि बुरशी असेल तर तिचे तंतू मोकळे होऊन दिसतात. शिवाय सामू मोजायची कागदी पट्टी: बुरशीत सामू सहसा नेहमीचाच, बाकी दोघांत ४.५ च्या वर. दहा मिनिटांचं काम, खर्च किरकोळ. तरी ते क्वचितच केलं जातं. स्पेक्युलम घालून आतून बघणंसुद्धा गर्दीच्या ओपीडीत टळतं.

त्याऐवजी मिळते किट. एकाच पाकिटात चार गोळ्या: फ्लुकोनाझोलची एक, अझिथ्रोमायसिनची एक, सेक्निडाझोलच्या दोन. बुरशी असो, जीवाणू असो, ट्रायकोमोनास असो, कुणीतरी मरेलच. सरकारी व्यवस्थेनेही प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणांसाठी लक्षणांवरून उपचार करायची पद्धत आणली. 'नाको'च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधांचे रंगीत संच असतात. योनीस्रावासाठी हिरवा, गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी राखाडी, ओटीपोटाच्या आतल्या सुजेसाठी पिवळा. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून येणारा स्राव किंवा लिंगावरचे व्रण यांसारख्या लक्षणांना ही पद्धत बरी लागू पडते, पांढऱ्याला मात्र ती अडखळते. साधा, निरोगी स्राव असणारीलाही गोळ्या मिळतात, आणि क्लॅमिडिया किंवा गोनोरियासारखा संसर्ग, ज्यात स्राव फारसा नसतोच, तो सुटून जातो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शनात, जिथे शक्य आहे तिथे तपासून मगच औषध द्या, असं सांगितलं. सरकारी संचांत निदान विचार आहे आणि ते देणारं माणूस शिकलेलं असतं. दुकानातल्या किटचं समर्थन मात्र कुठल्याच अंगाने होत नाही.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे गर्भाशयाच्या तोंडाशी घर करतात. बऱ्याचदा महिनोन्महिने काही कळत नाही. कळलं तर पिवळा, पुवासारखा स्राव, संबंधानंतर रक्ताचा डाग, ओटीपोटात मंद दुखणं. दुर्लक्ष झालं तर संसर्ग वर चढतो, गर्भनलिका चिकटतात, आणि मग मूल होत नाही म्हणून पाच वर्षांनी वाई, सातारा, पुणे अशा चकरा सुरू होतात. ताप आणि ओटीपोटात जोराचं दुखणं स्रावाबरोबर आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, पसरणीचा घाट उतरावा लागला तरी.

आणि पाचगणीत क्षयाचा विषय टाळताच येत नाही. अँटिबायोटिक नव्हती त्या काळात क्षयरोग्यांना इथल्या हवेत आणून ठेवत. डॉ. बिलिमोरियांच्या आरोग्यधामाची परंपरा पुढे रेड क्रॉसच्या बेल-एअर रुग्णालयापर्यंत आली. लोकांच्या डोक्यात क्षय म्हणजे छाती. पण फुफ्फुसातला जंतू रक्तावाटे गर्भनलिकांत आणि गर्भाशयाच्या अस्तरातही जाऊन बसतो. खोकला नाही, कधी तापही नाही. पाळी कमी कमी होत जाते, किंवा मध्येच डाग पडतात, ओटीपोट दुखतं, मूल राहत नाही, काहींना नुसता न थांबणारा स्राव. अस्तराचा छोटा तुकडा तपासल्यावर कळतं. औषधं सरकारकडून मोफत मिळतात आणि किमान सहा महिने घ्यावी लागतात. घरात कुणाला क्षय होऊन गेला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना तो न विचारताही सांगावा.

स्रावात रक्त मिसळलं की विचाराची दिशा बदलते. तपकिरी रंग म्हणजे जुनं रक्त. पाळी संपताना दोन दिवस तसं गेलं तर ते राहिलेलं. पण दोन पाळ्यांच्या मध्ये, पुन्हा पुन्हा गुलाबी, लाल किंवा तपकिरी दिसत असेल तर पहिला प्रश्न: गर्भ राहिलाय का? पाळी चुकली, मग थोडे डाग आणि एका बाजूला दुखणं, हे गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाचं लक्षण असू शकतं आणि तो जिवावर बेततो. पन्नास-शंभर रुपयांच्या पट्टीवर लघवी तपासायला पाच मिनिटं पुरतात. दुसरा प्रश्न: पाळणा लांबवायला काय वापरता? रोजची गोळी एक-दोन दिवस चुकली की डाग पडतो. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने मधेमधे डाग पडतात. सरकारी 'अंतरा' इंजेक्शनवर पाळीचं वेळापत्रक सुरुवातीला पूर्ण विस्कटतं, हे देणाऱ्या सिस्टरने आधीच सांगितलं तर निम्म्या बायका घाबरून इंजेक्शन सोडणार नाहीत. संबंधानंतर घ्यायची तातडीची 'सकाळची गोळी' घेतल्यावरही तसंच. त्यानंतर थायरॉइड, पीसीओएस, गर्भाशयातल्या गाठी आणि मस्से यांचा नंबर लागतो.

आता एक वाक्य, ज्याने महाराष्ट्रात फार नुकसान केलं. 'तुमच्या पिशवीच्या तोंडाला जखम आहे.' गर्भाशयाच्या तोंडाची आतली लाल, नाजूक त्वचा कधी कधी बाहेरच्या बाजूला सरकते. तरुणपणी, गरोदरपणात, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेताना हे बऱ्याचदा होतं. बघायला ते लाल, खरवडल्यासारखं दिसतं, पण जखम नसते. थोडा जास्त स्राव किंवा संबंधानंतर एखादा डाग यापलीकडे बहुतेकींना त्रास नसतो. त्याला जखम म्हटलं, मग 'सूज', मग 'पुढे कॅन्सर होईल', की एका साध्या निरीक्षणातून पिशवी काढण्यापर्यंतचा रस्ता सरळ होतो.

हा रस्ता किती रुळला आहे, हे बीडने दाखवलं. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून कोयते खाली कृष्णेच्या खोऱ्यात येतात, साताऱ्यात, सांगलीत, पाचगणीच्या पायथ्याच्या वाई तालुक्यातही. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोपीत राहायचं, न्हाणीघर नाही, पहाटे तीनला गाडी भरायची, आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जाणार. अंगावर पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, ही तिथली रोजची तक्रार. पाळीच्या दिवसांची आणि दवाखान्याच्या फेऱ्यांची कटकटच नको म्हणून अनेकींची पिशवी काढली गेली, कित्येकींची तिशीच्या आतबाहेर. २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं, की बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. त्यानंतर तिथे अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. संसर्ग गोळ्यांनी बरा होतो, त्यासाठी अवयव काढायचा नसतो. नुसतं पांढरं जातं म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

भीती मात्र सगळीच खोटी नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर असतो, आणि त्याची सुरुवातीची खूण अशीच साधी असते: संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग, पाण्यासारखा, रक्ताळलेला, कुजका वास असलेला स्राव. पण हा कॅन्सर अचानक उगवत नाही. एचपीव्ही विषाणूच्या काही प्रकारांचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला तर पेशी हळूहळू बिघडतात, त्याला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना हा संबंध दाखवल्याबद्दल २००८ चं नोबेल मिळालं. एवढा अवधी हातात असतो म्हणूनच लक्षण नसताना तपासण्याला अर्थ आहे, आणि हे जगाला दाखवून दिलं उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांनी. तिथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू, चाचणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. चाचणी न झालेल्या गटातल्या स्त्रियांना तसंच का ठेवलं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच होता. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी वस्त्यांमध्ये त्याहून साधी पद्धत वापरली. पाण्यात मिसळलेलं ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, गर्भाशयमुखावर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तीच तपासणी आज तिशीपुढच्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहे. भिलारच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत थंडीभर वाकून काम करणाऱ्या बाईला त्यासाठी अर्धा दिवस सुट्टी मिळायला हवी, ती मालकानेच द्यावी. नऊ ते चौदा वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' २०२३ मध्ये आली, आणि निवासी शाळांच्या या गावात पालकसभेत तो विषय निघायला हरकत नाही. लस घेतली म्हणून पुढची तपासणी मात्र टळत नाही.

राहिला पाळी गेल्यानंतरचा काळ. वयाबरोबर इस्ट्रोजेन घटतं, अस्तर पातळ आणि कोरडं होतं, आणि थोडा पिवळट स्राव, जळजळ होते. त्यावर लावायचं साधं क्रीम मिळतं, पण ते तपासणीनंतरच. कारण पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तो साधा आहे असं घरी बसून ठरवायचं नसतं. 'पाळी परत आली' म्हणून कुणी हसण्यावारी नेलं तरी सोनोग्राफी आणि गरज असेल तर अस्तराची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर या वयात बहुतेक वेळा अशा डागानेच पहिली खबर देतो, आणि तेव्हा पकडला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

तेव्हा आजी, आई, मावशी, कुणीही असो, दवाखान्यात ही गोष्ट दारापाशी थांबून नका सांगू, बसल्या बसल्या पहिली सांगा. कॅलेंडरचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. डॉक्टरांनी न तपासता चार गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं, तर 'आधी आतून तपासा' असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.